शिवण लाकडाची निळी गिटार

११ फेब्रु., धरणगाव
लॅकरचा पहिला हात मारला. वाळला तेव्हा वर कापसाचे तंतू. समोरच्या जिनिंगमधून दिवसभर उडतात आणि आमची शेड पत्र्याची, फटींची. निळ्या रंगावर पांढरे केस उगवल्यासारखे दिसतात. आबांना दाखवलं. त्यांची बोटं आता थरथरतात, म्हणून हाताच्या पाठीने चाचपतात. "घासी टाक," म्हणाले. घासलं. पाठ भरून आली.

१४ फेब्रु.
दादा जेवताना, "मनू, आखाजीपर्यंत काय ते कर. मग शेड मला लागेल. खताची पोती काय डोक्यावर ठेवू?"
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन महिन्यांवर आली. त्याची अडचण खोटी नाही. आबा सोफे, पलंग करायचे तोवर शेड भरलेली असायची. आता मी एकटी, आणि हातात काम एकच. धुळ्याच्या स्नेहल मॅडमची गिटार. त्यांना पसंत पडली तर त्यांच्या ओळखीतल्या दोघांना करून हव्यात. तसं झालं तर शेड तुझी, असं दादाच म्हणाला. नाही पडली तर
आई म्हणाली, भाजी घे.

१९ फेब्रु.
युक्ती केली. जमिनीवर पाणी शिंपडलं, दाराला ओली पोती टांगली. एकही तंतू आला नाही. खूश होऊन लॅकर मारला. दुपारी बघते तर अख्खी बॉडी दुधाळ.
लॅकर वाळताना हवेतली ओल धरतो. हे मला माहीत होतं. आबा पावसाळ्यात पॉलिशचं काम घेतच नसत. तंतूंच्या धास्तीत विसरले.
आबा दारात उभे. "पानी कसाले मारं व?" मग, "गिटारनं दही करी टाकं माय तू." स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

२७ फेब्रु.
दुधाळ थर घासून काढतेय. काल कडेला जास्त घासलं गेलं. रंग गेला, खालचं लाकूड उघडं. चिंचोक्याएवढं. निळं भरलं, पण आजूबाजूच्या निळ्याशी जुळत नाही. पुन्हा घासलं, पुन्हा भरलं. आता चिंचोक्यापेक्षा मोठं आहे.
खांदे, मनगट, डोळे. सगळं दुखतंय.

४ मार्च
न सांगता देणं जमणार नाही. मॅडमना फोन केला.
"मॅडम, कडेला एक डाग राहिलाय."
"मला वाजवताना दिसेल?"
"तुम्हाला नाही. समोरच्यांना. तेही उजेड तिरका पडला तर."
"मग समोरच्यांचं मी बघते. तू वजन सांग."
त्यांचा डावा खांदा धरतो. विकतची गिटार पट्ट्याने अडकवून दोन गाणी उभ्याने होत नाहीत, म्हणून तर शिवण घेतलं, हलकं. वजन सांगितलं. "बघू," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "बघू" घेऊन दिवसभर फिरतेय.

२० मार्च
जिनिंग बंद झालं. आता ऊन. लॅकर बॉडीवर बसायच्या आधीच वाळतो, खरखरीत होतो. पहाटे उठून मारते. बरा बसतोय.
आज पुन्हा घासायचा कागद घेऊन डागापाशी बसले होते. आबांनी कागद हातातून काढून घेतला. "कसाले घासस? बठ्ठा रंग काढशी का?"
शाळेच्या आधी अक्षरं त्यांनीच शिकवली, सुतारी पेन्सिलीने फळीवर. अक्षर वाकडं आलं की मी म्हणायची, रंधा मारा. ते मारायचे. फळ्या पातळ होऊन जायच्या. तेव्हा त्यांनी एकदाही नाही म्हटलं नव्हतं.
कागद त्यांनी खिशात ठेवला. मी परत मागितला नाही.

३ एप्रिल
वायरी जोडल्या. तारा चढवल्या. मॅडमनी पाठवलेल्या छोट्या अँपला लावली तर नुसती घूं. तारांना हात लावला तरी थांबत नाही, वायर खोचतात तिथल्या धातूला लावला की बंद. ब्रिजखालची अर्थिंगची वायर सुटलेली. पुन्हा सोल्डर केली, गप्प झाली.
मग वाजवली. मला तीनच सूर येतात, तेच. आबांनी मागच्या बाजूला तळवा टेकवला. "बोलस," म्हणाले.
दादा दारातूनच, "आवाज तर येतोय की." बरं बोलला की कसं, कळलं नाही.

१५ एप्रिल
धुळ्याला जाऊन आले. गोधडीत गुंडाळून मांडीवर. पारोळ्याला एक बाई चढल्या, "बाळ किती महिन्यांचं?" म्हणाल्या. उघडून दाखवलं तर, "अग्गं बाई, हे बाळ रडतं का?" सगळी सीट हसली. मीही.
मॅडमनी पट्टा अडकवला, उभ्याने वाजवलं. खूप वेळ. छान वाजवतात. डागाकडे त्यांनी एकदा बघितलं आणि पुन्हा वाजवायला लागल्या. मी खांद्याकडे बघत होते. मध्ये एकदा त्यांनी तो चोळला. सवयीने की दुखला म्हणून, ते विचारायला हवं होतं. धीर झाला नाही.
"थोडे दिवस वापरते, मग सांगते. खोटं सांगणार नाही."
"नकोच सांगू," म्हणाले मी. घाईत एकेरी गेलं तोंडून. परत येईपर्यंत तेच आठवत राहिले.

१७ एप्रिल
फोन नाही. आखाजी परवा. आई पुरणाची डाळ निवडतेय.
दादा टेप घेऊन शेडमध्ये आला. "फक्त मोजून ठेवतो गं." आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. झोपले नव्हते.
टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मी धरलं. त्याने अकरा फूट लिहिलं. अकरा फूट दोन सूत होतं, पाव इंच जास्त. सांगितलं.
"पोत्यांना दोन सुतांनी काय होतंय, मनू?"
तरी खोडून लिहिलं त्याने.