आईनं शिकवलेली डबी

३ एप्रिल, सास्तूर
सकाळी पोचले. आई अजून अंगणातल्या पत्र्याच्या शेडातच झोपते. घराला स्लॅब आहे, म्हणून आत नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची दोन लेकरं छताखाली गेली. मी त्यांच्यानंतरची.
भूकंप ओळखणारी डबी दाखवली. प्रयोगशाळेतली माझी चार वर्षं आहेत तिच्यात. आई म्हणाली, "एवढीशी? अन् हिला समजंल?"

४ एप्रिल
डबी आतल्या भिंतीवर बसवली. आईला समजावलं. आत बारीक बारीक चुंबकं आहेत, मेंदूसारखी शिकतात. शिकलेलं वीज नसली तरी विसरत नाहीत, म्हणून एका सेलवर वर्षभर चालेल. जमीन हलली की वाजेल. ट्रॅक्टरनं उगीच वाजली तर पांढरं बटण दाबायचं, मग तसल्या हादऱ्याला पुन्हा वाजणार नाही.
"म्हंजी हिला म्याच शिकवायचं?"
"तूच."
खूश झाली. प्रयोगशाळेतल्या सरांना कळवलं, गावातली चाचणी सुरू.

२६ एप्रिल, पुणे
आईचा फोन. "काल आत झोपले गं." मी रडलेच. इतक्या वर्षांनी! रिसर्च पेपर गेला खड्ड्यात, हाच निकाल.

१७ मे, सास्तूर
रजेवर. दुपारी जेवताना जमिनीतून गडगड. मांडणीवरची भांडी वाजली. आई ताट टाकून अंगणात, मी मागोमाग. दोन-तीन सेकंदच. डबी गप्प.
आई हसत आत आली. "न्हाय वाजली. म्हंजी काय न्हाय."
मी ताट बाजूला सारलं.

१८ मे
डबी लॅपटॉपला जोडली. सेल ठीक, वायरी ठीक. डबी वाजल्याच्या एप्रिलातल्या नोंदी काढल्या. बहुतेक वेळा ट्रॅक्टर. चार वेळा मात्र खरा हादरा. बारीक, पण खरा. दरवेळी पांढरं बटण दाबलेलं.
आईला विचारलं. म्हणाली, "वाजली की काळजात धस्स व्हायचं. बटन दाबलं की गप व्हायची. जनू म्हनायची, न्हाय, काय न्हाय, काय बी न्हाय."
डबी तेच शिकली, खऱ्या हादऱ्यालाही गप्प राहायचं. चोख शिकली. हे आईच्या अजून लक्षात आलेलं नाही. राग आला, स्वतःचाच. भूकंपातून वाचलेल्या बाईच्या हातात ते बटण मी दिलं.

१९ मे
शिकलेलं पुसता येतं. पण मग डबी कोरी, प्रत्येक हादऱ्याला वाजणार, आणि पुन्हा बटणावरूनच शिकणार. शिकवणार कोण? सरांचा मेसेज, 'निकाल कधी पाठवतेस?' फोन पालथा ठेवला.
सांगितलं तर आई पुन्हा शेडात, पुन्हा रात्र-रात्र जागी. नाही सांगितलं तर...
संध्याकाळी डबी काढून बॅगेत टाकली. आई दारातच उभी. "नेऊ नको बाई. ती गप असली की मला झोप लागती."
परत लावली. त्याच खिळ्याला.
आईनं अंथरूण आत घातलंय, डबीच्या खालीच. माझी बस उद्या दहाला. तोवर सांगायला हवं.