हाशी, पहिलं अक्षर चढवून

९ फेब्रुवारी

ओसाका. आज बाबांनी माझी जुनी गाणी पुन्हा लावायला लावली. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून व्हिडिओ बघतात आणि तोंड सोडतात. पहिल्यात मी पार्किंगमध्ये रडतेय — "गाडी सापडेना वाटतं!" दुसऱ्यात समुद्रकाठी पळतेय — "बस चुकली." तिसऱ्यात पांढऱ्या झग्यात गवतावर पडलेय — "ऊठ, सर्दी होईल."

मग टीव्ही बंद करायला लावला. म्हणाले, "चिना, पुढच्यात आपला पूल घाल. मला आता तिथवर चालवत नाही."

आमच्या गल्लीमागचा पूल. गाण्याच्या क्लासहून यायला उशीर झाला की बाबा तिथे सायकल धरून उभे असायचे. ओरडले कधीच नाहीत, नुसती घंटी वाजवायचे. घालते म्हटलं. शब्द दिला.

१२ फेब्रुवारी

चाल झाली. नाव 'हाशी'. म्हणजे पूल. शब्द अजून अर्धेच. आईच्या स्वयंपाकघरातूनच टोकियोला शिगिहारासाहेबांना फोन लावला — व्हिडिओ तेच करणार आहेत. म्हटलं, सगळं हाशीवर आहे. दोन टोकं. दोन्ही असली तरच उपयोग. आणि मध्ये मी. ते म्हणाले, "वा! अवाढव्य करू. लालभडक."

बाबांना सांगितलं, लाल करतायत. "आपला गंजलेला आहे," बाबा म्हणाले. "पण करू दे. हौस आहे त्यांना."

१३ फेब्रुवारी

बाबांना ताप. जेवले नाहीत.

२६ फेब्रुवारी

टोकियो. शूटिंग. लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

स्टुडिओत शिरले. दोन लाल खांब, घराएवढे, टोकाला निमुळते. खाली तेवढाच मोठा वाडगा. वाडग्यात पांढरे कपडे घालून बसलेली बरीच माणसं. म्हटलं, पूल कुठाय? शिगिहारासाहेब म्हणाले, "कसला पूल? हा भात. तुम्ही काळ्या घेवड्याचा दाणा."

हाशी म्हणजे पूल आणि हाशी म्हणजे चॉपस्टिक. फरक फक्त सुराचा — एकात पहिलं अक्षर चढवायचं, एकात दुसरं. आणि टोकियोत जे चढवतात ते ओसाकात उतरवतात! पहिलं चढवलं की ओसाकात पूल, टोकियोत चॉपस्टिक. चार दिवस घरी राहून माझी जीभ ओसाकाची झाली होती. मी पूल म्हटलं, त्यांनी चॉपस्टिक ऐकलं. नाव चित्राक्षरात लिहून पाठवलं असतं तर एका नजरेत कळलं असतं. साध्या अक्षरांत छान दिसतं, हा माझा हट्ट.

मॅनेजर नेमोतोबाई म्हणाल्या, "पैसे संपलेत. दुसरं शूटिंग नाही. घेवड्याचे कपडे आत ठेवलेत."

चॉपस्टिकनी मला उचललं. दोनदा निसटले. गाणं संपल्यावर शिगिहारासाहेब म्हणाले, "शब्द जरा पुलासारखे नाही वाटत?"

१४ मार्च

ओसाका. टेप घेऊन गेले. बाबा किती बारीक झालेत! आईने पाठीशी उशी लावली. शेवटपर्यंत टक लावून बघितलं. मग बाबा म्हणाले, "पूल कुठाय?"

सांगितलं सगळं. बाबा एवढे हसले की नर्स धावत आली. "टोकियोवाल्यांना आधी बोलायला शिकवा!" पुन्हा लावायला लावली. मी निसटते तिथे बाबा थांबवून बघत होते. "अगं, घेवडा असाच निसटतो. हे बरोब्बर जमलंय."

पण टेप संपल्यावर खिडकीकडे तोंड केलं. त्यांना पूल हवा होता. एकच गोष्ट मागितली होती. बाहेर कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून रडले. मागे एक आजोबा सुटे घेऊन थांबले होते, म्हणून आवरलं.

१५ मार्च

डॉक्टर तयार झाले! येत्या रविवारी तासभर बाबांना चाकाच्या खुर्चीवरून पुलावर न्यायचं. मी शेजाऱ्यांकडून कॅमेरा मागून आणलाय. आई म्हणते, थर्मासमध्ये चहा घेऊ. बाबा म्हणतात, "सायकलची घंटी काढून खुर्चीला लाव." लावली. पुलावरच शूटिंग करणार. या वेळी नट बाबा.

१८ मार्च

घंटी नर्सने काढून घेतली. बाकीचे पेशंट तक्रार करतात म्हणे.

२२ मार्च

रविवार. स्मशानातून आलो. बाबा शुक्रवारी पहाटे गेले.

अस्थी उचलायला आई आणि मी समोरासमोर उभ्या होतो. तिथल्या माणसाने आमच्या हातात एकेक चॉपस्टिकची जोडी दिली. म्हणाला, "एक हाड दोघींनी मिळून धरायचं. ही हाशी. हिच्यावरून ते पलीकडे जातात." पक्का ओसाकाचा माणूस. हाशी म्हणताना त्याने पहिलं अक्षर चढवलं.

आम्ही धरलं. निसटलं नाही.