पुढच्या ओळीतली जागा

२ मार्च

ती. ताईंस,
सा. सलाम वि. वि.

तुमच्या कमरेला आराम पडतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे तुमचे बंधुराज ठणठणीत. मी मात्र धुमसतेय.

आमच्या दुकानात हे कबरींच्या दगडांवर नावं कोरतात आणि कोरलेल्या अक्षरांत काळा रंग मी भरते, हे तुम्ही पाहिलंयच. इतक्या परक्या माणसांची नावं रंगवली, कधी काही वाटलं नाही. गेल्या आठवड्यात यांनी गोणपाटाखालून एक दगड काढला. तुमच्या मोठ्या वहिनीचा! तिच्या कबरीवरचा लाकडी क्रूस कुजला, म्हणून ईस्टरच्या आत नवा दगड बसवायचा म्हणे. अक्षरं अशी नटवलीत की लग्नपत्रिका वाटावी. वर मला सांगतात, जरा जपून भर, रंग बाहेर जाऊ देऊ नकोस. भरला. सवतीच्या नावात, माझ्या हाताने.

त्याहून झोंबलं ते वेगळंच. दगड दोघांना पुरेल एवढा रुंद आहे. तिचं नाव डावीकडे आणि उजवा अर्धा कोरा. तो कोणासाठी, हे मी विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करू?

शेवटच्या दिवशी कबरी उघडतील यावर माझा विश्वास आहे, म्हणून तर जीव जळतो. नसता तर कोण कोणाशेजारी पुरलंय याचं मला काय? पण ही दोघं शेजारी शेजारी उठणार. ती गेली ऐन पंचविशीत, तशीच उठेल. मी उठेन गुडघे धरत. मग हे कोणाकडे बघतील, तुम्हीच सांगा.

म्हणून मीही गप्प बसले नाही. आपण पाय पूर्वेकडे करून पुरतो, उठल्याबरोबर उजेडाकडे तोंड व्हावं म्हणून. मी राखणदाराला गाठून तिच्या बरोबर पुढच्या ओळीतली जागा माझ्या नावावर करून घेतली. डोळे उघडले की यांच्यासमोर मीच! यांना इतक्यात कळू देऊ नका.

तिच्यावर जेवढी माया केलीत, तेवढी तरी माझ्यावर ठेवा.

तुमची,
धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की पुन्हा कंबर धरली. अगं वेडाबाई, पुढच्या ओळीत तू असशील खरी, पण तोंड सगळ्यांचंच पूर्वेकडे. त्याला दिसेल ती तुझी पाठ!

पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी प्रभूला हेच विचारून पेचात धरायला पाहिलं होतं. एक बाई, एकामागून एक सात भावांची बायको झाली, तर पुनरुत्थानात ती कोणाची? प्रभू म्हणाला, तिथे लग्न करत नाहीत की लावून देत नाहीत, माणसं देवदूतांसारखी असतात. तिथे सात होते. तू एकीवरूनच घायकुतीला आलीस.

गुडघ्यांचीही काळजी नको. प्रेषित पौल म्हणतो, आपण नुसता दाणा पेरतो, उगवतं ते शरीर निराळंच. मात्र प्रभू उठला तेव्हा हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. प्रेमापायी सोसलेलं पुसलं जात नसावं, असं मी आपलं समजते. दगड निसटला तेव्हा भाऊचा पाय वाचवताना तुझा अंगठा चेचला, ती खूण तुझ्याबरोबर येईल. मोठीही गुणाची होती, पण असली खूण तिच्याकडे नव्हती. झालं समाधान? आता भाऊला सरळ विचारून टाक.

आणि तुम्हा दोघींच्या आधी तो माझा भाऊ आहे. तेव्हा माझ्यामागे रांगेत उभ्या राहा, आणि पत्र पाठवत जा.

तुझी,
ताई

२२ एप्रिल

ती. ताईंस,
सा. सलाम वि. वि.

देवदूतांचं लिहिलंत ते काही मला पटलं नाही. मला देवदूत नको, हेच हवेत.

ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमली. पाळकांनी मग्दालीया मरीयेचा उतारा वाचला. ती प्रभूच्या रिकाम्या कबरीपाशी रडत उभी असते आणि उठलेल्या प्रभूलाच माळी समजते. तो नुसती नावाने हाक मारतो, ती वळते आणि ओळखते. माझ्या डोळ्यांना धार लागली. हे मात्र त्या नव्या दगडाकडे बघत होते.

परतताना फाटकापाशी विचारलंच, कोरा अर्धा कोणाचा? हे गोंधळले. म्हणाले, कोणाचाच नाही. एका गिऱ्हाइकाने नाकारलेला दगड पडून होता, चांगला दगड कापवेना. आणि राखणदाराने तुझी जागा दाखवली त्याच दिवशी तुझ्या जागेशेजारची मी माझ्यासाठी घेतली. तुला ठाऊक असेल असं वाटलं.

जिंकले ना मी? दिवसभर पाय जमिनीवर ठरत नव्हते. संध्याकाळी दुकान झाडताना तुमचं ते पाठीचं बोलणं आठवलं आणि सगळ्यावर विरजण पडलं. शेवटच्या दिवशी ती पोर उठेल, आणि तिला आमच्या दोघांच्या पाठी दिसतील. तिची कीव आली, आणि तिची कीव यावी याचाच मला राग आला. मेलेलीला हरवण्यात कसलं शौर्य, ताई? तिला काही बोलता येत नाही म्हणून मिळालेला नवरा मला नको.

आज सकाळी यांना सांगितलं, त्या कोऱ्या अर्ध्यावर माझं नाव येऊ दे. मी तिच्याशेजारी आणि पुढच्या ओळीत तुम्ही एकटे. यांनी हातोडी खाली ठेवून का म्हणून विचारलं. कारण मी यांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. उठलो की आम्ही दोघी मागून एकदमच यांना हाक मारू. हे कोणाकडे वळतात, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

कंबर जपा, आणि लोभ आहे तो वाढू द्या.

तुमची,
धाकटी