परदेशात निघणारं नाव

लेकरा,

मी सांगून राहिले, तुझी बहीण शिला लिहून राहिली. तू जाऊन आठ महिने झाले. आपल्या तांड्यात गेलेल्याचं नाव वर्षभर घेत न्हाईत. नाव ऐकलं की गेलेलं माणूस माघारी फिरतं. आमी बराबर पाळतो. पण रगत रोगाशी कसं लढतं, यावर तू लिहिलेलं परदेशातले डॉक्टर वाचतात, अन् त्यांच्या लिखाणात तुझं नाव देतात. दिलं की तुझ्या मोबाईलवर निरोप वाजतो. जित्तेपणी चाळीसदा वाजला. आता दोनशेच्या वर गेला. मेल्यावर लई भाव आला रे तुला!

निरोप वाजला की कुत्रं दारात जाऊन शेपूट हलवतं. काल भर दुपारी ओसरीत पावलं वाजली अन् दारापाशी थांबली. बाहेर कुणीच न्हाई.

शिला रडत म्हणाली, "आजी, मोबाईल बंद करते. त्याला सुखानं जाऊ दे."

तिचं खरं हाय, मला कळतं. तरी म्हणलं, "बंद काहून करतेस? चार्जिंगला लाव."

तुझी आपमतलबी आजी,
भिकाबाई
(अंगठा)