मामाचे गाल आणि मामाची हाडं

अंजनगाव सुर्जी,
फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप रुख्मिणीताईस धाकट्या देवीदासचा दंडवत. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींना भाकर पचते ना? (माझ्या तब्येतीबद्दल सगळं गाव समाधानी आहे.) ललिताच्या लग्नात मामानं तिला उचलून मांडवात आणायचं, हे तू कळवलंस. त्यात कळवायचं काय होतं? ती पाळण्यात होती तेव्हाच मी कबूल केलं होतं.

तर झालं असं. दम्याच्या पांढऱ्या गोळ्या चार वर्षं घेतो आहे. दमा निवला आणि गाल आले. तोंड इतकं गोल झालं की बाजारात लोक भाजी सोडून मलाच बघतात. दर्यापूरचा शेषराव तर म्हणाला, "देवीदास, वांगे इकून नाई, खाऊन राहिला तू." तुझ्या भावजयीला, माणिकबाईला, या गालांचा फार अभिमान. तिनं माझी दृष्टच काढायची ठरवली. "लोकायची नजर लागून राहिली तुमाले. बसा अठी." बसलो. (न बसून जेवायला कोणी घातलं असतं?) मीठ-मिरच्या चुलीत पडल्या, धूर उठला, मला खोकल्याची उबळ आली आणि बरगडी कट्कन मोडली. माणिकबाई म्हणाली, "पाहा, केवढी नजर होती."

अमरावतीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. दमा आवरणाऱ्या गोळ्यांनीच हाडं आतून पोखरली, म्हणाले. त्या एकदम सोडल्या तर जिवावर बेतेल, हळूहळू कमी करायच्या. आणि भरली बादलीसुद्धा उचलायची नाही. गाल तब्येतीचे नव्हते, गोळ्यांचेच होते, हे कळल्यावर माणिकबाई दवाखान्यातच रडायला बसली. तेव्हापासून ती मला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाही. आधी मजा वाटली. आता भीती वाटते, ताई.

बाकी सर्व ठीक. लग्नाला आम्ही दोघं आधीच येतो.

तुझा,
देवीदास

ता. क. : ललिताला उचलणं माझ्याच्यानं होणार नाही. आपल्या चुलत्याच्या गोवर्धनला सांग. तोही मामाच आहे.

आणखी ता. क. : गोवर्धन उचलेल तेव्हा मला शेजारून तिच्या पाठीखाली हात लावू दे. माणिकबाईला सांगू नकोस. वजन मुळीच घेणार नाही. घेतलंच, तर पाळण्यातून उचलताना होतं तेवढंच.