बायकोच्या कंबरेचं काम मी हातात घेतलं

३ मार्च
मुलगी झाली. बायकोची कंबर अजून दुखते. कळा कमी व्हाव्यात म्हणून एपिड्युरलची सुई दिलेली, तिथंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडे दिवस ठणकेल, पण हिला वाकू देऊ नका, बाळ तुम्ही उचलून द्या. हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. गॅरेजात एवढ्या गाड्यांचे शॉकअप बसवले, एका कंबरेचं काय घेऊन बसलात? हे काम मीच करणार.

४ मार्च
आधी चेक केलं, नाटक तर नाही ना. कंबर दुखते सांगून मी गॅरेजला कितीदा दांडी मारलीय, मला कळतं. उशीवर रबरी पाल ठेवली. हिने न हलता ती माझ्या तोंडावर फेकली. दुखणं खरं आहे. नेमपण चांगला आहे.

५ मार्च
सासूबाई घरी गेल्या. जाताना म्हणाल्या, "जावईबापू, पाळण्यातून लेकीला आता तुम्ही उचलायचं." मी म्हटलं, हाताला ग्रीस असतं. त्यांनी साबण दाखवला.
मी घाबरत वगैरे नाही. तिची मान जरा लूज वाटते, एवढंच.

६ मार्च
आयडिया! पाळण्याखाली जुने टायर. वाकायचा प्रश्नच मिटला. आता हिला टाचा उंच करून बघावं लागतं. कंबर जास्तच दुखतेय. टायर काढले.

८ मार्च
पाठीला गाडीच्या सीटचा स्पंज लावला. ही मस्त बसली. मग उठताच येईना.
सिस्टर तपासून गेल्या. कंबर ठीक होतेय म्हणाल्या, पण सारखं वाकतंय कोण? मी हिच्याकडे बघितलं. ही पंख्याकडे बघत होती. माझं नाव काही सांगितलं नाही.

९ मार्च, दुपारी
छोटी रडायला लागली. ही कंबर धरून उठत म्हणाली, "राहू दे रे, मी घेते. तुला भीती वाटते ना."
भीती? मला?

९ मार्च, संध्याकाळ
उचलली. एक हात मानेखाली, एक बुडाखाली. हिच्याकडे दिली, पिऊन झाल्यावर परत घेतली. माझ्या खांद्यावर झोपली. आता खाली कशी ठेवायची, हे कोणीच सांगितलेलं नाही. हिला विचारलं, तर म्हणते, "हसवू नकोस, कंबर दुखते."
डाव्या हाताने लिहितोय.

१० मार्च
रात्रभर छोटी खांद्यावरच होती. सकाळी गॅरेजच्या शेठना फोन केला. कंबर धरलीय, येत नाही. शेठ म्हणाले, हे जुनं झालं, नवीन काहीतरी शोध.
नेमकं आज खरं होतं.