पाणकड्याचं पान

लोणावळा
मंगळवार, १५ जुलै २०२५

दादा,

नमस्कार. वाडीतला बजरंग हल्ली तुझ्याच कंपनीत आहे असं कळलं, म्हणून हे पत्र त्याच्या हाती तळेगावजवळच्या आंबीला पाठवतेय. तू आम्हा सगळ्यांचे नंबर ब्लॉक केलेस. तासाभराच्या अंतरावर राहणाऱ्या भावाला पत्र लिहायचं, याचं आधी हसू आलं. मग नाही आलं.

इकडे सगळं ठीक. भाताची आवणी उरकत आली. म्हैस व्याली. मी अजून त्याच हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. आबा घरीच असतात.

कामाचं लिहिते. पाणकड्याची वाट खचली. जूनच्या पावसात वरच्या अंगाला भेग पडली. आता वरून गवत दिसतं, पण खाली माती नाही. पंचायतीने पाटी लावली, तर लोक पाटीला वळसा घालून पुढे जातात, कारण त्यांच्या मोबाइलमध्ये तू बनवलेली साइट असते. ‘सोपी वाट, लहान मुलांनाही जमेल.’ खाली नकाशाची फाइल. ती उतरवून घेतात आणि निळ्या रेघेवरून चालत सुटतात. शनिवार-रविवारी तर विचारूच नकोस.

वाटेच्या तोंडाशी आई इरलं घेऊन बसते आणि एकेकाला परत फिरवते. आधी आबा बसायचे. परवा एक जण तिच्या अंगावर ओरडला, “मावशी, डोंगर काय तुमच्या नावावर आहे का?” घरी आल्यावर ती जेवली नाही.

होस्टिंगवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, ज्यांच्या ईमेलवर खातं आहे त्यांनीच बोलायचं. एफटीपीने थेट आत जाऊन पान बदलता येतं, एवढं मी वाचून शिकलेय. त्याचं सॉफ्टवेअर हॉटेलच्या कॉम्प्युटरवर टाकून घेतलंय. पण युजरनेम आणि पासवर्ड तुझ्याकडे. अंदाजाने टाकत बसले, तर सर्व्हरने दिवसभर मला आतच घेतलं नाही.

तुला वाटेल, आबांनी लिहायला लावलं. नाही. दोन वर्षांपूर्वी तू आणलेल्या पाहुण्यांसमोर त्यांनी वाटेत काट्या टाकल्या, “ह्यो डोंगर हाय, जत्रा न्हाई,” म्हणाले, आणि तू त्याच दिवशी पिशवी भरलीस. मी तिथेच उभी होते, विसरलेले नाही. कोण बरोबर होतं ते मला ठरवायचं नाही. घरी ये असंही लिहीत नाही. फक्त शनिवारच्या आत मला त्या साइटमध्ये शिरू दे.

आबांबद्दल बजरंगला काही विचारू नकोस. त्याला काही माहीत नाही.

हर्षदा


तळेगाव
सोमवार, २१ जुलै २०२५

दादा,

शनिवारी अनोळखी नंबर बघून मी “नमस्कार, बुकिंगसाठी” असं सुरूच केलं होतं. तू म्हणालास, “हर्षे, कॉम्प्युटरसमोर आहेस का? जेवणाची सुट्टी संपत आलीय.” पुढचं तुला माहीत आहे. जे माहीत नाही तेही मध्ये घालून सगळं लिहिते.

तुझा फोन यायच्या जरा आधी आमच्या हॉटेलमधून पुण्याची काही मंडळी पाणकड्याला निघून गेली होती. काउंटरवर मी त्यांना सांगितलं होतं, की वाट खचलीय. त्यातली एक मुलगी म्हणाली, “साइट तर चालू आहे. धोका असता तर लिहिलं नसतं का?” म्हणून मी घाईत भलतीच अक्षरं दाबत होते, आणि तू ओरडत होतास, “नीट टाइप कर!”

लॉगिन चुकीचं आलं. तू म्हणालास, “युजरनेम अर्धंच टाकलंस. ॲटच्या पुढे साइटचं नावही लागतं.” मग आत शिरले, तर फोल्डरची यादीच येईना. नुसतं गोल फिरत राहिलं. “दादा, अडकलं,” म्हणाले, तेव्हा तू पहिल्यांदा हळू आवाजात म्हणालास, “सेटिंगमध्ये पॅसिव्ह मोड असेल, तो लाव. घाबरू नको.”

यादी उघडली. नकाशाची फाइल मी काढून टाकली. पहिल्या पानाच्या जागी माझं पान चढवलं, लाल अक्षरांत: पाणकड्याची वाट खचली आहे. जाऊ नका. तू तुझ्या मोबाइलवर बघून “दिसतंय” म्हणालास. मी “दादा, आबा...” एवढंच म्हणाले, तर तू म्हणालास, “सुट्टी संपली.” आणि फोन ठेवलास.

मग त्या मुलीला रजिस्टरमधल्या नंबरवर फोन लावला. “साइट परत उघडून बघा,” इतकंच सांगितलं. आई सांगते, ते लोक तिला ओलांडून पुढे गेले होते आणि ती मागून हाका मारत होती. ती मुलगी मध्येच थांबली, मोबाइलमध्ये बघितलं आणि पुढच्यांना जोरात ओरडली. सगळे माघारी आले. जाताना आईकडे कुणी बघितलंही नाही. आई म्हणते, “बघंनात तर बघंनात. आपापल्या पायानं गेली, लय झालं.”

आता तू बोलू दिलं नाहीस ते. आबा घरी असतात असं मी लिहिलं, ते खोटं होतं, आणि बजरंगला काही माहीत नाही, तेही. या महिन्याच्या पहिल्या रविवारी काही पोरं पाटी ओलांडून गेली, त्यांना परत आणायला आबा मागे धावले. पोरं बचावली. आबांच्या पायाखालचं गवत गेलं. खालच्या करवंदीच्या जाळीत अडकले म्हणून हाती लागले. वाडीतल्या लोकांनी दोर टाकून वर काढलं. खुबा मोडलाय. तेव्हापासून तळेगावच्या दवाखान्यात आहेत, तुझ्या कंपनीपासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ. साखर उतरत नव्हती म्हणून ऑपरेशन थांबलं होतं.

त्यांनी मला शपथ घातली होती. “दत्ताला कळवायचं न्हाई. त्याला वाटंल, बापानं बोलवायसाठी पाय मोडून घेतला.” ती मी आज मोडली.

आणखी एक. त्यांना वर काढलं तेव्हा वाडीतली माणसं तुझं नाव घेऊन बोलायला लागली, की हे सगळं त्याच्या साइटमुळे. आबांना धड श्वासही घेता येत नव्हता. तरी म्हणाले, “त्यानं लिवलं तवा वाट चांगलीच व्हती.”

ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे. नर्सने विचारलं, सहीला घरातलं कोण येणार? मी म्हणाले, मी करते. तेव्हा सहीसाठी म्हणून येऊ नकोस. पुरुषमाणूस हवं म्हणूनही नको. दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची खाट. बोलायलाच पाहिजे असं नाही, तेही बोलणार नाहीत. आत नेतील तेव्हा त्यांना दिसशील असा कुठेतरी उभा राहा.

तुला दादा म्हणायचं अजून न सोडलेली,
हर्षदा